मुलांचे वसतिगृह, मुलींचे वसतिगृह : नकाशा एक, गरजा दोन

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या वसतिगृहांविषयी माध्यमिक शाळेतील एका शिक्षकाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या वर्गातून दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी पुढे कोठे जाणार, हे पुष्कळदा गुणांवर ठरत नाही, राहण्याच्या सोयीवर ठरते. मुलाच्या बाबतीत तर हा प्रश्न फार अडत नाही. कॉट मिळाली तर ठीक, नाहीतर चार मित्र मिळून एक खोली घेतात आणि डबा लावतात. मुलीच्या बाबतीत मात्र वसतिगृहात जागा नाही, याचा अर्थ बहुतेक घरांत शिक्षण संपले असाच होतो. म्हणून मुलींचे वसतिगृह कसे बांधले आहे, हा इंजिनिअरपुरता प्रश्न नाही. तो तालिमीचाच प्रश्न आहे, आणि त्याचा विचार आपण सर्वांनी केला पाहिजे.

आपल्याकडे वसतिगृह बांधायचे ठरले की प्रथम मुलांच्या वसतिगृहाचा नकाशा काढला जातो. मध्ये लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला न्हाणीघरे व संडास, खाली मेस आणि रेक्टरची खोली. पुढे मुलींसाठी इमारत बांधायची वेळ आली की तोच नकाशा बाहेर काढतात, भोवती उंच भिंत घालतात, खिडक्यांना जाळ्या बसवतात आणि फाटकावर पहारेकरी ठेवतात. दोघांना सारखेच दिले, न्याय झाला, असे आपण समजतो. मला नम्रपणे असे सांगावयाचे आहे की, एकच नकाशा दोघांना दिल्याने समानता होत नाही. कारण ती इमारत मुलगा आणि मुलगी सारख्या रीतीने वापरत नाहीत, किंवा आपण त्यांना ती सारख्या रीतीने वापरू देत नाही.

साधा हिशेब करून पाहू. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सायंकाळी सातला बंद होते आणि सकाळी सातला उघडते असे धरा. म्हणजे बारा तास तर कुलपाच्या आतच गेले. शिवाय दुपारी तास नसले की मुलगी खोलीवरच परत येते. मैदान, चहाची टपरी, स्टँडसमोरचा कट्टा या जागा तिच्या नसतात. सुट्टीच्या दिवशी हेच तास वीसवर जातात. मुलगा मात्र त्याच मापाच्या खोलीत बहुधा झोपायला आणि कपडे बदलायला येतो. त्याचा अभ्यास ग्रंथालयात, गप्पा नाक्यावर, खेळ मैदानावर. त्याला खोली लहान पडली तर तो गावभर पसरतो. मुलीला खोली लहान पडली तर पसरायला जागाच नाही. तिच्यासाठी वसतिगृह हीच खोली, हेच ग्रंथालय, हेच मैदान आणि हेच गाव.

इतिहासाकडे पाहिले तर हा फरक आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात मुलांच्या वसतिगृहांची खरी परंपरा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात घातली. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघाले, आणि १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व राहण्याची सोय करणारी संस्था महाराजांच्याच पुढाकाराने उभी राहिली. त्या बोर्डिंगांतली मुले राहायची बोर्डिंगात आणि शिकायची गावातल्या शाळा-कॉलेजांत. मुलींची गोष्ट निराळी होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली काढलेला आश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. या दोन्ही ठिकाणी राहणे आणि शिकणे एकाच आवारात होते. मुलाचे वसतिगृह म्हणजे शाळेच्या वाटेवरचा मुक्काम, तर मुलीचे वसतिगृह म्हणजे संपूर्ण जग, अशी मांडणी पहिल्या दिवसापासूनच होती.

अलीगढमध्ये तर हा फरक एकाच गावात पाहायला मिळतो. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली तेथे शाळा सुरू केली आणि १८७७ साली कॉलेजची कोनशिला बसली. ऑक्सफर्ड-केंब्रिजप्रमाणे विद्यार्थ्याने कॉलेजात नुसते शिकू नये, तर राहावे, एकत्र जेवावे, वादविवाद करावा, क्रिकेट खेळावे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून मोकळ्या चौकाभोवती खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९०६ साली, शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली, आणि १९१४ साली मुलींचे वसतिगृह सुरू झाले. मुलींना घराबाहेर ठेवायला त्या वेळी कोणी तयार नव्हते. तेव्हा या बाईंनी स्वतः त्या मुलींची आईप्रमाणे देखभाल केली. लोक त्यांना आदराने आला बी म्हणत. भिंती उंच होत्या, पडदा कडक होता. पण पालकांनी मुली सोपवल्या त्या केवळ भिंतीच्या भरवशावर नव्हेत. आत आपल्या मुलीची कोणीतरी मायेने विचारपूस करणारे आहे, या भरवशावर सोपवल्या. आपण आज भिंतीची उंची तेवढी उचलली आणि आला बींची जागा मात्र एका हजेरीपटाला दिली, असे कधी कधी वाटते.

विलायतेतही काही निराळे नव्हते. केंब्रिजजवळचे गर्टन कॉलेज ही मुलींची आद्य संस्था. ती १८६९ साली हिचिन येथे सुरू झाली आणि १८७३ साली गर्टनच्या नव्या इमारतीत गेली. केंब्रिजच्या जुन्या मुलांच्या कॉलेजांत प्रत्येक जिना सरळ अंगणात उघडतो. कोण आले, कोण गेले, फारसे कोणी पाहत नाही. गर्टनच्या इमारतीत जिन्यांऐवजी लांब पॅसेज काढले. त्यामुळे थंडी-पावसात बाहेर न पडता कोठेही जाता येई आणि सर्वांवर नजरही राहत असे. मात्र त्या इमारतीत एक मोठी गोष्टही केली होती. प्रत्येक विद्यार्थिनीला एक निजायची आणि एक बसायची अशा दोन खोल्या दिल्या होत्या. मुलीला स्वतःची बसायची खोली हवी, कारण तिला विचार करायचा आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखले होते. याच गर्टनमध्ये आणि शेजारच्या न्यूनहॅम कॉलेजात १९२८ साली व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेने व्याख्याने दिली आणि १९२९ साली त्यांचे पुस्तक झाले. बाईला लिहायचे असेल तर स्वतःचे थोडे उत्पन्न हवे आणि स्वतःची एक खोली हवी, जिला तिला आतून कुलूप लावता येईल, हे त्यांचे सांगणे जगभर गाजले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. त्या बाईंनी मागितले ते कुलूप आतले होते. आपण मुलींच्या वसतिगृहाला लावतो ते बाहेरचे.

आता अभ्यासकांनी काय पाहिले ते सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली व १९७७ साली ती पुस्तकरूपाने मांडली. एका प्रकारात लांब पॅसेजवर चौतीस विद्यार्थी आणि सर्वांना मिळून एकच सामाईक न्हाणीघर. दुसऱ्या प्रकारात चार-सहा जणांचा छोटा गट, त्यांची स्वतंत्र बैठक आणि स्वतंत्र न्हाणीघर. माणशी जागा दोन्हीकडे साधारण सारखीच होती. तरीही पॅसेजवाल्यांना गर्दी फार वाटे आणि ते लोकांना टाळू लागत. गर्दी नुसत्या चौरस फुटांवर ठरत नाही. इच्छा नसताना दिवसातून किती वेळा आणि किती जणांच्या समोर यावे लागते, त्यावर ती ठरते.

पुढे १९८१ साली बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघांच्या खोलीत तिसरी कॉट टाकली तर काय होते, हा त्याचा विषय. आपल्याकडे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिचा अभ्यास करावा असे कोणाला सुचणारही नाही. त्यांना दिसले की, तिघांपैकी दोघांचे जमते आणि तिसरा एकटा पडतो. दुसरे असे की, दाटीचा त्रास मुलांपेक्षा मुलींना अधिक झाला. कारण समजायला कठीण नाही. खोलीत दाटी झाली की मुले बाहेर जास्त वेळ काढतात. मुली खोलीत राहतात आणि तिचे घर करू पाहतात. जो पळू शकतो त्याला गर्दी कमी बोचते. आणि ध्यानात घ्या, त्या देशात मुलींना बाहेर पडायला मोकळीक होती. जेथे सातला फाटक बंद होते तेथे तिसऱ्या कॉटचा भार किती होत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

नायजेरियात चार विद्यापीठांच्या वसतिगृहांतील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून डोलापो अमोले या बाईंनी २००९ साली निष्कर्ष मांडले. निम्म्याहून जास्त, म्हणजे शेकडा ५३ विद्यार्थी, राहण्याच्या सोयीबद्दल असमाधानी होते. समाधान कशावर ठरत होते? खोलीत माणसे किती, स्वयंपाकाची छोटी जागा, न्हाणीघर आणि सामान ठेवायची सोय यांवर. आणि पॅसेजच्या लांबीवरसुद्धा. इमारतीचा दर्शनी भाग, कमान, रंग यांचा नंबर त्यात लागत नाही. आपण मात्र देणगीदाराच्या नावाची पाटी संगमरवराची करतो आणि न्हाणीघराला कडी बसवायला विसरतो.

समाधान या शब्दाविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. वसतिगृहात पाहणी झाली आणि 'तुम्ही समाधानी आहात काय?' असे विचारले, तर मुली पुष्कळदा 'हो' असेच लिहितील. ते 'हो' तपासून घ्यावे लागते. घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्या मुलीला ठाऊक असते की, आपण तक्रार केली तर अब्बा म्हणतील, मग ये घरी. तिच्यापुढे निवड चांगल्या आणि वाईट खोलीत नसते. खोली आणि परतीची एस. टी. यांत असते. मुलगा मेसच्या डाळीवरून बिनदिक्कत भांडतो, कारण भांडल्याने त्याचे शिक्षण बंद पडत नाही. म्हणून मुलींची तक्रार कमी आली याचा अर्थ सोय चांगली आहे, असा काढू नये. समाधानाऐवजी वेगळे प्रश्न विचारावेत. काल रात्री तू कोठे बसून अभ्यास केलास? सकाळी न्हाणीघरासाठी किती वेळ उभी राहिलीस? धुतलेले कपडे कोठे वाळत घालतेस, आणि पावसाळ्यात ते वाळतात काय? पाळीच्या दिवसांत कचरा टाकायची सोय आहे काय? ताप आला तर कोठे झोपतेस? रात्री दिवा चालू ठेवला तर खोलीतली दुसरी मुलगी काय म्हणते? या उत्तरांत इमारतीची खरी परीक्षा होते.

पालकांच्या काळजीचा मी अनादर करीत नाही. दरवर्षी निकालानंतर पालक भेटतात. मुलाचे वडील विचारतात, 'सर, फी किती?' मुलीचे वडील विचारतात, 'सर, गेट किती वाजता बंद होतं?' हा प्रश्न मायेतून येतो आणि त्यामागची भीती खोटी नाही. परंतु सुरक्षितता आणि कोंडून ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली आणि मुली रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या मागण्यांत वाटेवरच्या दिव्यांची मागणी होती. म्हणजे धोका वाटेवरच्या अंधारात होता. अंधारावर उपाय दिवा हा आहे. मुलीला सहा वाजता आत घेणे हा नव्हे.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न न्यायालयापर्यंत आणि विद्यापीठ अनुदान आयोगापर्यंत गेलेला आहे. २०१४ साली अलीगढमध्येच महिला महाविद्यालयाच्या पदवी वर्गातील मुलींना विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात, मौलाना आझाद ग्रंथालयात, प्रवेश नसल्याचा वाद उभा राहिला. मुली आल्या तर मुलांची गर्दी वाढेल, असे कारण पुढे आले. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि ग्रंथालय मुलींना खुले करावे लागले. २०१५ साली दिल्लीत जामिया मिल्लियाच्या वसतिगृहातील मुलींना रात्री उशिरा येण्याची मर्यादित परवानगीही बंद करणारी सूचना निघाली. तेथून मुलींनी 'पिंजरा तोड' ही चळवळ उभी केली. अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत तर स्पष्ट म्हटले आहे की, सुरक्षिततेचे कारण सांगून वसतिगृहातील मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने सायंकाळी सहा ते दहा मुलींचे मोबाइल काढून घेणाऱ्या वसतिगृहाचा नियम मान्य केला नाही. इंटरनेट हे आता अभ्यासाचे साधन आहे आणि ते वापरणे हा विद्यार्थिनीचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. फाटक बंद, ग्रंथालय दूर आणि वर मोबाइलही जमा. मग त्या चार तासांत मुलीने अभ्यास करायचा तो कशावर?

तेव्हा कोणतीही संस्था मुलींचे वसतिगृह बांधणार असेल तर तिने पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट, वसतिगृहाच्या आतच अभ्यासिका हवी. रात्रभर दिवा चालू ठेवता येईल, टेबल-खुर्ची असेल, इंटरनेट असेल, अशी स्वतंत्र खोली. मेसच्या बाकावर ताटे उचलल्यानंतर अभ्यास करणे ही अभ्यासिका नव्हे.

दुसरी, लांब पॅसेजऐवजी सहा-आठ मुलींचे छोटे गट करावेत आणि प्रत्येक गटाला स्वतःचे न्हाणीघर व संडास द्यावा. नळाचा खर्च थोडा वाढेल, पण सकाळची बादल्यांची रांग आणि त्यावरून होणारी भांडणे संपतील.

तिसरी, कपडे वाळवायला बाहेरच्या नजरेपासून आडोशाची, परंतु ऊन आणि वारा येणारी जागा. ही सोय नसल्याने मुली ओले कपडे खोलीत दोरीवर टाकतात आणि पावसाळाभर त्याच दमट हवेत झोपतात.

चौथी, गच्चीला कुलूप नको. कठडा छातीइतका उंच करा, जाळीदार विटांचा करा, पण आकाश बंद करू नका. फाटकाआड राहणाऱ्या मुलीला फिरायला तेवढीच जागा असते.

पाचवी, जो पैसा भिंत आणखी दोन फूट उंच करण्यात जाईल, त्यातून बस थांब्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर दिवे लावावेत. फाटकाशी पालकांना बसायला एक सभ्य खोली असावी. आणि आत राहणाऱ्या रेक्टर बाई अशा असाव्यात की, ज्यांच्या दारावर मुलगी रात्री दोन वाजताही थाप मारू शकेल.

सहावी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट, प्रत्येक खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दाराला आतून नीट लागणारी कडी.

मुलांच्या वसतिगृहांचे सगळे छान चालले आहे, असा मात्र माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नये. मुलगा बाहेर पळू शकतो, म्हणून आपण त्याच्या इमारतीकडे लक्षच देत नाही. तुटकी दारे, उघड्यावर अंघोळ, महिनोन्‌महिने न झाडलेले जिने, हे सारे 'मुलांना चालते' या एका वाक्याखाली खपून जाते. लाजाळू मुलगा, आजारी मुलगा, नाक्यावर न रमणारा मुलगा, यांनाही पळायला जागा नसते. मुलींच्या गरजा ध्यानात घेऊन बांधलेली इमारत अशा मुलांनाही मानवेल. उलट मुलांना पुरे म्हणून बांधलेली इमारत मुलींना मात्र पुरत नाही.

शेवटी एकच सूचना करतो. नकाशा नगरपालिकेत मंजुरीला जाण्यापूर्वी तो एक दिवस वसतिगृहात राहिलेल्या पाच-सात मुलींसमोर ठेवावा. इंजिनिअर साहेब, खजिनदार आणि आपण सर्व पुरुष मंडळींनी त्या वेळी गप्प बसून ऐकावे. खिडकी कोठे हवी, दोरी कोठे हवी, दिवा कोठे हवा, हे त्या आपल्यापेक्षा अचूक सांगतील. दहा मिनिटांत पेन्सिलीने खोडता येणारी चूक नंतर सिमेंटची होते आणि पन्नास वर्षे टिकते. त्या पन्नास वर्षांत त्या इमारतीत किती मुली राहतील आणि त्यांतील किती जणी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतील, हे त्या पेन्सिलीवरही अवलंबून आहे.